ऑक्सिजनची बारीक रेषा

चंद्रावर धोबीपछाड चालत नाही. समोरच्याला पाठीवर घ्यायला काहीच त्रास नाही, तो उशीसारखा उचलला जातो. पण आपटला की खाली पडायला इतका वेळ लावतो की तेवढ्यात तुमचा कान धरून तुम्हालाच सोबत घेऊन येतो. मी हे करून पाहिलं आहे. तिथे चालते ती फक्त पकड. हातापायांची गाठ एकदा बसली की कोण किती वजनाचा हा प्रश्नच उरत नाही.

मी पद्मजा मगदूम. शिरोळकडच्या एका गावात, वडिलांच्या तालमीतल्या लाल मातीत वाढले. पुढे भौतिकशास्त्र शिकले आणि चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या अतिनील वेधशाळेत नेमणूक मिळाली. स्वभाव तापट. चौकशी समितीने अहवालात हे पुन्हा पुन्हा लिहिलं आहे, म्हणून मीच आधी सांगून टाकते. समितीला वाटतं की सगळं उत्तर त्यातच आहे.

वेधशाळेत आम्ही तिघंच. प्रमुख डॉ. अच्युत केळशीकर, साठी ओलांडलेले, माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. माझे वडील गेले तेव्हा हा माणूस पुण्याहून आमच्या गावी आला आणि एक शब्द न बोलता दिवसभर ओसरीवर बसून राहिला. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी कुणाशीही भांडायला तयार असायचे, आणि भांडलेही. तिसरा मुबारक सतारमेकर, इंजिनिअर. मिरजेचा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनतात, आणि याची बोटंही त्याच घराण्याची. बंद डब्यात हात घालून, न बघता, कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगायचा. मला अक्का म्हणायचा. मी त्याला तोंडाला येईल ते म्हणायचे.

आम्ही पाहत होतो एक जोडतारा. दोन तारे एकमेकांच्या इतके जवळ की एकमेकांभोवतीची फेरी काही तासांत पुरी होते. त्यातला एक साधा, सैलसर तारा. दुसरा श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा गाभा. आकार पृथ्वीएवढा, वजन सूर्याएवढं. हा बटू शेजाऱ्याचा वायू ओरबाडून घेतो. तो वायू सरळ खाली पडत नाही, बटूभोवती भोवऱ्यात फिरतो, स्वतःवरच घासतो आणि लाखभर अंशांपर्यंत तापतो. एवढ्या तापलेल्या वायूचा बहुतेक प्रकाश अतिनील असतो. तो पृथ्वीवरून दिसत नाही, कारण वरचा ओझोन त्याला वाटेतच गिळतो. त्यामुळे आपली कातडी वाचते आणि खगोलशास्त्रज्ञ आंधळे राहतात. चंद्रावर हवाच नाही, म्हणून दुर्बीण तिथे नेली.

त्या प्रकाशाचा पट्टा उलगडला की त्यात रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषेची जागा ठरलेली. वायू पळत असेल तर रेषा जागेवरून सरकते. थोडा वायू आपल्याकडे आणि थोडा आपल्यापासून दूर असा धावत असेल तर ती दोन्हीकडे पसरते. आमच्या जोडीतला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर धावायचा, त्यामुळे त्याच्या कार्बनच्या, नायट्रोजनच्या रेषा डोंगरासारख्या पसरट असायच्या. सुईसारखी बारीक रेषा दिसली तर समजावं की तो वायू जागच्या जागी उभा आहे आणि ताऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना केळशीकर सर हेच आधी शिकवायचे.

बटूवर असा वायू साचत राहतो, आणि एके दिवशी खालचा थर पेट घेतो. अख्ख्या ताऱ्याच्या अंगावर एकदम हायड्रोजन बॉम्ब फुटावा तसं होतं. याला नवतारा म्हणतात. त्याचा अगदी पहिला भडका अतिनील असतो आणि थोड्याच वेळात ओसरतो. तो सुरुवातीपासून कुणीच पाहिलेला नव्हता, कारण कोणता तारा कधी फुटणार हे आधी कळत नाही. सरांचं म्हणणं होतं की कळतं. फुटण्याआधी काही तास नायट्रोजनची रेषा फुगते आणि मग एकाएकी बसते. तरुणपणी त्यांनी हे एका परिषदेत मांडलं तेव्हा लोक हसले होते. ते हसणं सर विसरले नव्हते.

चंद्रावर हाडं ठिसूळ होतात, म्हणून रोज व्यायाम सक्तीचा. यंत्रावर पाय मारायचा कंटाळा आला तेव्हा मी बोळात गादी टाकली आणि मुबारकला कुस्ती शिकवायला घेतली. सर खुर्ची टाकून वस्ताद व्हायचे. तालमीत एक नियम असतो. जोर, म्हणजे सरावाची लढत, चालू असताना वस्तादाने पाठीवर थाप मारली की पकड सोडायची. त्याच क्षणी, विचार न करता. कुणाची मान अडकली आहे, कुणाचा श्वास कोंडला आहे, हे लढणाऱ्याला कळत नसतं, वस्तादाला दिसत असतं. लहानपणापासून ते माझ्या हातांत इतकं भिनलं आहे की झोपेतही थाप पडली तर माझी मूठ उघडेल.

"अक्का, चंद्रानं न्हाई मोडायची माझी हाडं, तूच मोडशील," मुबारक माझ्या काखेतून ओरडायचा.

"गप ए. मान आत घे."

मग सर हसत उठायचे आणि माझ्या पाठीवर थाप मारायचे. मी सोडायचे. "काय शिस्त आहे," ते म्हणायचे. "प्रयोगशाळेत इतकी असती तर."

आणखी एक नियम सांगितला पाहिजे. आमच्या दुर्बिणीच्या डिटेक्टरची तबकडी परातीएवढी मोठी. तिला हजारो व्होल्ट लागत, आणि तेवढी वीज साठवणारं यंत्र तिच्याच पाठीमागे होतं. तिथे काम करायला जाणाऱ्याने आधी पॅनेलवरची वीज बंद करायची, कुलपाची किल्ली काढायची आणि गळ्यात घालून बाहेर पडायचं. तो परत येईपर्यंत कुणालाही वीज चालू करता येत नाही. विजेच्या खांबावर चढणाऱ्यांचीही साधारण हीच पद्धत. दुसरी किल्ली प्रमुखाच्या खणात, मोहोर लावलेल्या पाकिटात. गळ्यात किल्ली असलेला माणूस मेला, तरच ते फोडायचं.

त्या दिवशी सकाळी नायट्रोजनची रेषा बसली.

मी आकडे पुन्हा काढले. सरांनी काढले. ते नुसता चष्मा पुसत राहिले. आणि तेवढ्यात डिटेक्टरने मान टाकली. व्होल्टेज चढवलं की गळायचं, पट्टा कोरा. दुर्बिणीच्या गळ्यात, जिथून ताऱ्याचा प्रकाश आत शिरतो, तिथल्या विजेच्या एका जोडात चंद्राची धूळ गेली होती. ती धूळ काचेच्या चुऱ्यासारखी असते, कुठेही घुसते.

"जातो मी," मुबारक म्हणाला. त्याने वीज बंद केली आणि किल्ली गळ्यात घातली.

"हातमोजे बदल तुझे," मी म्हटलं. "उजवा झिजलाय."

"नवा लई जाड हाय, अक्का. जोड बोटाला कळत न्हाई त्यात. ह्यातनं जराशी हवा निसटतीया, मीटरवर दिसंल तुला. तेवढं चालतंय."

चालत नव्हतं. मी त्याला अडवायला हवं होतं. पण रेषा बसली होती आणि मलाही घाई होती. आमचे पोशाख भिंतीला बाहेरच्या बाजूने टांगलेले असतात. आतून पाठीचं दार उघडून माणूस त्यात शिरतो आणि दार लावून निघतो. मुबारक निघाला. खिडकीतून तो उड्या घेत दुर्बिणीकडे जाताना दिसला, आणि मग तिच्या आडोशाला गेला.

सर पडद्यासमोर बसले. मी रेडिओवर. पडद्याच्या कोपऱ्यात मुबारकच्या पोशाखाचे आकडे होते. हवा किंचित कमी होत होती.

"झालं का?" सरांनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा.

"ब्रश फिरवतोय, सर. धूळ लई चिवट हाय."

सरांचा गुडघा टेबलाखाली हलत होता. त्यांच्या हिशेबाने भडका उडायची वेळ सुरू झाली होती. तो त्या क्षणी उडत असेल, किंवा उडून गेला असेल, आणि आमचा पट्टा कोरा होता.

"बसला," रेडिओवर मुबारक म्हणाला. पॅनेलवर हिरवा दिवा लागला. "जोड बसला. पण थांबा, हात आत अडकलाय माझा. मोज्याचं कडं कशात तरी गुंतलंय. काढतो."

सर उठले. खणाचा आवाज झाला. मी वळले तेव्हा त्यांच्या हातात ते पाकीट होतं आणि मोहोर तुटलेली होती.

"सर, काय करताय?"

"मोजा दहा हजार व्होल्ट सोसतो, पद्मजा. आपण सहा लावतो."

"नवा मोजा सोसतो. हा झिजलेला आहे, हवा गळतेय त्यातून. तिथे ठिणगी पडेल."

हे मी त्यांना सांगावं, इतकी वेळ आली होती. शुद्ध निर्वातात ठिणगी सहसा पडत नाही, भरपूर हवेतही सहजी पडत नाही. पण मधल्या अवस्थेत, अगदी विरळ हवेत, वीज सरसर धावते. ट्यूबलाइट याच कारणाने पेटते. मुबारकच्या बोटांभोवती त्याच्याच पोशाखातल्या ऑक्सिजनची विरळ हवा जमली होती.

"हात काढायला सांग त्याला," सर म्हणाले.

"अडकलाय त्याचा हात."

"तारा थांबणार नाही. मी तीस वर्षं थांबलोय."

ते पॅनेलकडे निघाले. मी मधे उभी राहिले. त्यांनी मला ढकललं. मला आजवर कुणी ढकललेलं नाही, ढकलून कुणी उभं राहिलेलं नाही. मी खाली वाकून त्यांचा पट काढला, म्हणजे पाय धरून ओढले. ते तरंगत आडवे झाले. त्यांचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं आणि भुवईतून रक्त आलं. चंद्रावर रक्ताचे थेंब मोठे होतात आणि हळू पडतात. मी मागून त्यांच्या काखेत हात घालून मानेवर पंजे गुंतवले. म्हातारं अंग, पण काय ताकद आली होती त्याच्यात. ते लाथा झाडत होते. त्यांची कोपरं माझ्या बरगड्यांत बसत होती.

"मुबारक, हात काढ," मी ओरडले.

"काढतोय, अक्का. काय चाललंय तितं?"

"सोड मला," सर म्हणाले. मी सोडलं नाही. आणखी आवळलं.

मग त्यांचा हात मागे आला आणि माझ्या पाठीवर थाप पडली.

माझे हात सुटले. डोक्यात काही यायच्या आधीच सुटले. मी रिकामे पंजे घेऊन उभी होते आणि सर एका उडीत पॅनेलपाशी पोचले होते. त्यांनी किल्ली लावली आणि फिरवली.

पडद्यावर एक सुळका उभा राहिला, वरच्या कडेला जाऊन भिडला. "आला," सर म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. रेडिओवर मुबारकचा एक आवाज आला. तो शब्द नव्हता. मग वीज आपोआप तुटली. रेडिओही शांत झाला.

मी पोशाखात कशी शिरले ते मला आठवत नाही. दुर्बिणीपाशी गेले तेव्हा मुबारक तिच्या गळ्याला लटकला होता. उजवा मोजा जळून उघडा पडला होता आणि आतला हात काळा झाला होता. आमच्या पोशाखांना कोपराशी एक कडं असतं. बाही फाटली की ते आवळून बंद होतं. बाकीचं शरीर वाचतं, कोपराखालचं वाचत नाही. कडं बंद झालं होतं. मी तो हात ओढून मोकळा केला. तो कसा मोकळा झाला ते मी लिहिणार नाही. मुबारकला खांद्यावर घेतलं. उशीसारखा उचलला गेला, आणि मी रडत, शिव्या देत परत आले.

आत जागा तोकडी. उपचाराचा पलंग नियंत्रण खोलीतच होता, पॅनेलपासून हातभर अंतरावर. मी त्याला त्यावर निजवलं, इंजेक्शन दिलं, दंडावर पट्टा आवळला आणि बाकीचं यंत्राकडून करून घेतलं. पृथ्वीवरच्या डॉक्टरने सांगितलं, जगेल. हाताबद्दल मी मुबारकला काही सांगितलं नाही.

"अक्का," मुबारक डोळे न उघडता म्हणाला, "बोटं हलंनात."

"झोप तू."

सर आले. भुवईवरचं रक्त वाळलं होतं. मुबारककडे त्यांनी पाहिलं, पाहिलं नाही असं मी म्हणणार नाही. पण हातात टॅब्लेट होता, आणि तो त्यांनी माझ्यापुढे धरला.

"याचं मी भोगेन," ते म्हणाले. "तुरुंगात जाईन. पण बघ, पद्मजा. सुरुवात मिळाली. अगदी पहिला क्षण. याचा हात वाया नाही गेला."

मी पाहिलं. खरं तर मला पाहायचं नव्हतं, पण आयुष्यभर पट्टे वाचलेले डोळे आपोआप वाचतात. सुळका उंच होता. मी तो फाकवून रेषा काढल्या.

"कार्बन कुठाय, सर?"

त्यांनी टॅब्लेट जवळ ओढला.

"नायट्रोजन? हेलियम? आणि रेषांची जाडी बघा की. तुम्हीच शिकवलंत."

रेषा बारीक होत्या. सुईसारख्या, आपापल्या जागी, केसभरही न सरकलेल्या. जोडातलं तांबं. आणि सगळ्यांत उंच रेषा होती ऑक्सिजनची.

"हा तारा नाही, सर," मी म्हणाले. "हा मुबारकचा श्वास आहे. त्याच्या मोज्यातून गळलेला. तो पेटला, तो तुम्ही टिपलात."

सर टॅब्लेटकडे पाहत राहिले. त्यांना पटायला वेळ लागला नाही. पट्टा वाचण्यात त्यांच्या तोडीचा माणूस पृथ्वीवरही नव्हता आणि चंद्रावरही. मला वाटलं आता ते खाली बसतील, रडतील. मी तेवढीच अपेक्षा करत होते. त्यांनी मान वर केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता.

"म्हणजे तारा अजून फुटलेलाच नाही," ते म्हणाले.

आणि पॅनेलकडे वळले. किल्ली तिथेच होती.

"जोड बसलेला आहे. आता तिथे कुणाचा हात नाही. आता काही धोका नाही, पद्मजा."

हे खरं होतं. समितीने मला नंतर हेच विचारलं, आणि मीही मान्य केलं. त्या वेळी किल्ली फिरवली असती तर कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता. मी त्यांना धोका टाळायला धरलं नाही. मी धरलं कारण मला त्यांना मारून टाकायचं होतं.

एक हात गळ्याखाली, दुसऱ्याने मनगट. पाय त्यांच्या पायांत गुंतवले आणि त्यांना घेऊन जमिनीवर आले. ही पकड वडिलांनी मला शिकवली होती आणि वापरायची नाही असंही सांगितलं होतं. सरांचा आवाज लगेच बंद झाला. त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली, नखांनी कातडी सोलली. मला ते जाणवत नव्हतं. डोळ्यांपुढे ती एकच रेषा होती.

त्यांचा हात मागे आला. पाठीवर थाप पडली.

मी आवळलं.

पुन्हा थाप पडली. माझे पंजे उघडायला धडपडत होते, आणि मी ते उघडू दिले नाहीत. बालपणापासून भिनलेलं सगळं एकीकडे आणि मी एकीकडे. सरांच्या टाचा जमिनीवर वाजत होत्या. थापा हलक्या होत गेल्या. मग एकदा नुसती बोटं घसरली. मग तीही नाही.

तेव्हा वरून, पलंगावरून, एक हात खाली आला आणि माझ्या पाठीवर पडला. थाप कसली, नुसतं ओझं होतं. डावा हात होता.

"सोड, अक्का," मुबारक म्हणाला. "म्हातारं मरंल."

मी सोडलं.

सर कुशीवर झाले आणि खोकत राहिले. मुबारकचा हात माझ्या पाठीवरून हलला नाही. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले, त्याच्या हाताखाली, कारण उठले असते तर तो हात खाली लोंबला असता.

साधारण त्याच सुमारास तारा फुटला. पृथ्वीवर लोक गच्च्यांवर जमले, आभाळात नवीन ठिपका पाहून त्यांनी फोटो काढले. पहिला भडका मात्र कुणालाच मिळाला नाही. सरांचं भाकीत अचूक होतं, एवढंच सिद्ध झालं. किल्ली पॅनेलला तशीच होती. ती फिरवायला आमच्यातलं कुणी उठलं नाही.

समितीतल्या बाईंनी मला शेवटचा प्रश्न विचारला. डॉ. केळशीकर तुमच्या पाठीवर थाप मारत होते, सोड म्हणून सांगत होते, हे तुम्हाला कळत होतं ना? मग सोडलं का नाही?

"सोडलं होतं की," मी म्हणाले. "पहिल्या वेळी."